दर्या तापतोय : तारली, बांगडे आणि किल्ल्यामागची पोवळी

केतकी_मालवण

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी मूळची मालवणची, नोकरीमुळे आता पुण्यात. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठच्या बाजूला मास्क लावून पाण्यात उतरले. तो भाग लहानपणापासून माहितीये. पाणी गढूळच असतं, पोवळी फोटोत असतात तशी रंगीबेरंगी वगैरे नसतात, तपकिरी, शेणीसारखी खडकाला थापलेली, सांगितलं नाही तर दगडच वाटतील. त्यातल्या एकाच्या माथ्यावर वाटीएवढा पांढरा डाग होता. कडेला तपकिरी, मग पिवळट, आणि मध्ये एकदम चुन्याची निवळी सुकल्यासारखा पांढरा. अगदी नाक लावून बघितलं तर त्या पांढऱ्या भागातल्या बारीक खळग्यांमध्ये जीव अजून होता, पारदर्शक, हलणारा. म्हणजे पोवळं मेलेलं नव्हतं, उपाशी होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोवळं म्हणजे प्राणी. त्याच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बहुतेक पोवळ्याला देतं, रंगही त्याचाच. पाणी तिथल्या नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ते शैवाल अन्नाऐवजी विषारी ऑक्सिजन सोडायला लागतं, मग पोवळं त्याला बाहेर टाकतं. जेवण देणाऱ्यालाच घराबाहेर काढायचं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर पोवळं मरतं आणि त्यावर दुसरंच शेवाळ चढतं.

एक डाग बघून मी जगाचा निष्कर्ष काढत नाहीये, चिखल, गोडं पाणी, रोग, बऱ्याच कारणांनी डाग पडतात. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातली चौथी मोठी प्रवाळ-विरंजनाची (म्हणजे पोवळी अशी पांढरी पडण्याची) लाट जाहीर झाली, आधीच्या १९९८, २०१० आणि २०१४ ते १७, आणि ह्या चौथ्या लाटेत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्रात धोक्याच्या पातळीची उष्णता पोचली. आपल्या जवळचं म्हणजे लक्षद्वीप. तिथे अगत्ती, कदमत, कवरत्ती ह्या बेटांवर अभ्यासकांनी २४ वर्षं तेच तेच भाग मोजलेत, १९९८ मध्ये साधारण ३७ टक्के जिवंत पोवळं होतं ते २०२२ मध्ये २० च्याही खाली. आणि त्यांचं म्हणणं असं की मधे सहाएक वर्षं सलग शांत मिळाली तरच पोवळी नीट सावरायला लागतात. आता लक्षद्वीपला पोवळी पांढरी पडली ती वर्षं मोजा, १९९८, २०१०, २०१६, २०२४.

मला इथे विचारायचंय ते वेगळं आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, कागदावर आहे. पण पाण्याचं रोजचं तापमान, कुठला मासा कुठल्या महिन्यात लागला, ह्याची गावपातळीवरची जुनी नोंद कोणाकडे आहे का? देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी, मुरुड, गोवा, कुठलीही चालेल. घरातल्या वह्या, डायऱ्या, काहीही. बाकी चर्चाही करूच.

देवबागकर

केतकीताई चांगला लिवलात. पण माका एक सांगा, आमच्या दर्यात मासो कमी झालो तो पाणी तापला म्हणून काय? पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवाच वेढणारे) एका रात्रीत टनांनी मासा उचलतात, परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर दहा-बारा वावात (वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली) येऊन घासून नेतात, मासे जमवायला लावतात त्या एलईडी लाईटवर केंद्राने २०१७ लाच बंदी घातली तरी रात्री क्षितिजावर बघा, गाव वसल्यासारखा उजेड असतो. आम्ही रापणवाले. जाळं किनाऱ्याक, दोर आमच्या हातात, चाळीस-पन्नास माणसं ओढणार आणि जो मासा आपण होऊन काठाला येतो तेवढाच आमचा. तो वाटेतच उचलला तर आमच्या वाट्याला काय. हे सगळं डोळ्यांनी दिसतंय. आणि आता मोठे लोक सांगतात की हवामान बदललं म्हणून मासे गेले, म्हणजे कोणाचाच दोष नाही. ह्या बोलण्याचा राग येतो. तुमच्यावर नाही, पण येतो.

अभिजित_ना

दोन्ही पोस्ट वाचल्या. एक बेसिक प्रश्न, समुद्राचं ॲसिडिफिकेशन म्हणतात ते नक्की काय? म्हणजे समुद्र ॲसिड होणार, शंख विरघळणार वगैरे व्हिडिओ येतात ते खरे का? मी नाशिकचा, समुद्र वर्षातून एकदा बघणारा, चुकीचं विचारत असेन तर सांगा.

केतकी_मालवण

@अभिजित, अजिबात चुकीचं नाही. समुद्राचं पाणी ॲसिड होत नाहीये, ते अल्कलीच आहे आणि राहील. पीएच साधारण ८.२ होता तो ८.१ झालाय, ७ म्हणजे ना इकडे ना तिकडे. ०.१ ऐकायला चिल्लर वाटतं पण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे ०.१ म्हणजे आम्लता साधारण २५-३० टक्क्यांनी वाढली. आपण कोळसा-डिझेल जाळून जो कार्बन डायऑक्साईड सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. तो पाण्यात मिसळून कार्बोनिक ॲसिड होतं, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो पाण्यातल्या कार्बोनेटला जाऊन चिकटतो. आता शिंपला, कालव, पोवळं, शंख ह्यांचं घर चुन्याचं, आणि त्या चुन्याला हेच कार्बोनेट लागतं. घर बांधायला काढलात आणि सिमेंट दुसराच उचलून नेतोय, असं.

भाचीला दाखवायला मी तिसऱ्यांची टरफलं व्हिनेगरमध्ये टाकली होती. आधी बारीक बुडबुडे, मग फेस, दुसऱ्या दिवशी टरफल इतकं पातळ झालं की बोटात धरल्यावर कडा मऊ पडून तुटली. पण हेही तिला सांगितलं की समुद्रात असं होत नाही, व्हिनेगर समुद्रापेक्षा लाखो पटींनी आंबट. समुद्रात मोठी कालवं विरघळत नाहीत, त्रास होतो तो पिलांना. डोळ्यालाही न दिसणारं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत पहिलं कवच बांधतं, तेव्हा अंगात साठवलेली शक्ती तेवढीच असते, बांधकाम महाग पडलं की शक्ती आधी संपते. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कालव-हॅचरीत (कालवांची पिलं तयार करतात तिथे) २००७-०८ मध्ये पिलंच्या पिलं मरायला लागली, सगळ्यांना आधी रोग वाटला, नंतर कळलं की समुद्राच्या तळातून वर येणारं जास्त आम्लधर्मी पाणी टाक्यांत येत होतं. मग ते पाण्याचा पीएच बघून सोडा मिसळायला लागले आणि धंदा वाचला. आपल्या खाडीच्या कालवांना सोडा कोण घालणार.

@देवबागकर दादा, तुमच्या रागाला उत्तर देणारे, जरा नीट लिहायचंय, थांबा.

मंदार_मस्कत

मी गेली अकरा वर्षं मस्कतला आहे, त्यामुळे अरबी समुद्राची पलीकडची बाजू सांगतो. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी हिरवं होतं. हिरवं म्हणजे काय सांगू, पालकाची पातळ भाजी ओतल्यासारखं, आणि वास येतो. सकाळी कॉर्निशवर फिरायला जातो तिथे लाटेचा फेससुद्धा हिरवट. रात्री तेच पाणी निळं चमकतं, मुलं दगड मारून बघतात. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूला लाटा चमकल्या म्हणून सगळ्यांनी व्हिडिओ टाकले होते ना, त्याच जातीचा जीव, नॉक्टिल्युका. आमच्या इथल्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवं शैवाल राहतं म्हणून दिवसा हिरवं.

सुंदर दिसतं पण चांगलं लक्षण नाही. पूर्वी हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात डायॲटम नावाचं वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फुलायचं, ते छोट्या जीवांचं, माशांच्या पिलांचं खाणं. २००० नंतर त्याची जागा नॉक्टिल्युकाने घ्यायला सुरुवात केली. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स हे दोघं मूळचे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले, आता न्यूयॉर्कला, त्यांनी ह्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं की हिमालय-तिबेटवरचं बर्फ कमी झालं, त्यामुळे हिवाळ्यात तिकडून येणारा वारा पूर्वीइतका गार-कोरडा राहिला नाही, तो समुद्राला पुरेसा थंड करून ढवळत नाही, आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात नॉक्टिल्युकाचं मात्र छान चालतं. त्याला खायला जेलीफिश आणि सॅल्प (तसेच पारदर्शक, लिबलिबीत जीव) येतात, मोठे मासे ते फारसे खात नाहीत. इकडे पाणी गोडं करायच्या प्लांटच्या जाळ्या त्यांनी तुंबतात. आमच्याकडे नळाचं पाणी समुद्रातूनच येतं, त्यामुळे हे शोभेचं प्रकरण राहत नाही.

विहंग_फोंडा

मंदारने ढवळण्याचा मुद्दा काढला तो खरा गाभा आहे, त्यावर थोडं. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो ना, तसं समुद्राला विसण खालून मिळतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, जास्त करून केरळ-कर्नाटकाच्या बाजूला, पावसाळ्यातल्या वाऱ्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि खालचं गार पाणी खत घेऊन वर येतं. त्यावर प्लवंग, प्लवंगावर तारली. आता वरचा थर जास्त तापला की तो हलका होऊन झाकणासारखा बसतो, खालचं वर यायला जड जातं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल ह्यांच्या २०१६ च्या अभ्यासात पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवंग २० टक्क्यांपर्यंत घटलं असं आलंय. हिंदी महासागर १९५० ते २०२० मध्ये १.२ अंशाने तापला. १९७० ते २००० मध्ये वर्षाला साधारण २० दिवस सागरी उष्णतेच्या लाटेचे असायचे, कार्बन असाच सोडत राहिलो तर शतकाच्या शेवटी २२० ते २५० दिवस, म्हणजे लाट हा शब्दच चुकीचा ठरेल.

तारलीचा आकडा बघा. केरळात २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन. २०२१ मध्ये ३,२९७ टन. टाईप करताना शून्य राहिलेलं नाहीये, तेवढीच. नंतर परत लाख टनाच्या वर गेली. म्हणजे तारली संपली असं म्हणणारेही चुकले आणि काही झालं नाही म्हणणारेही. मासा तोच, वर्ष वाईट गेलं की कोसळतो, चांगलं गेलं की उसळतो, पण हे हेलकावे आता फार मोठे झालेत आणि गरिबाच्या ताटातला मासा हाच आहे. आमच्या आईला बाजारात तारले दिसले नाहीत की ती महागाई मोजते, सुरमईवरून नाही.

बांगड्याचंही सांगतो. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी बघितलं की १९८५-८९ च्या सुमारास ट्रॉलरच्या तळाच्या जाळ्यात एकूण बांगड्यातला फक्त २ टक्के यायचा, २००३-०७ मध्ये १५ टक्के. बांगडा वर वर थव्याने फिरणारा मासा, तो गार पाणी शोधत खाली जातोय असं त्यांना वाटतं. आणि खाली जाऊन जाणार किती, अरबी समुद्रात दीड-दोनशे मीटरखाली हजार मीटरपर्यंत ऑक्सिजनचा दुष्काळ आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक. वरून ऊन, खालून घुसमट. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि गरम पाण्यातल्या माशाला तो जास्त लागतो.

शेखर_का

पृथ्वी आधीही तापली होती, डायनासोरच्या काळात तर कार्बन डायऑक्साईड आत्ताच्या कितीतरी पट होता आणि समुद्र शंखशिंपल्यांनी भरलेला होता. निसर्ग जुळवून घेतो. मला हे सगळं जरा भीती घालणारं वाटतं. विरोधासाठी विरोध करत नाहीये, खरंच शंका आहे.

प्राची_इ

शेखर, शंका रास्त आहे आणि डायनासोरच्या काळाबद्दलचं खरं आहे. फरक वेगाचा. कार्बन हळूहळू, लाखो वर्षांत वाढला तर डोंगरातले खडक झिजून नद्यांतून समुद्रात क्षार येत राहतात आणि आम्लता सांभाळली जाते, आणि जिवांच्या हजारो पिढ्या जातात. साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वी कार्बन त्या मानाने झपाट्याने सुटला होता, तरी त्याला हजारो वर्षं लागली, आणि तेव्हा खोल समुद्रातल्या चुन्याच्या कवचाच्या सूक्ष्म जीवांच्या खूप जाती गेल्या, गाळाच्या थरात त्याची खूण आजही दिसते. आपण त्याच्या साधारण दहापट वेगाने सोडतोय. निसर्ग जुळवून घेईलही, पण देवबागच्या रापणीला हजार वर्षं थांबायला सांगणार का?

आणि भीती घालू नये ह्याच्याशी मी सहमत आहे, म्हणून एक उलट बाजूचं सांगते. आम्लतेमुळे प्रवाळातल्या माशांना वास ओळखता येत नाही, ते शिकाऱ्याकडेच पोहत जातात, असे प्रयोग दहाएक वर्षं खूप गाजले. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर परत केले आणि तसा परिणाम सापडला नाही. त्यामुळे ते फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका. शिंपले, कालवं, पोवळी ह्यांच्यावरच्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे, उष्णतेचा तर त्याहून. समुद्राने आपली जास्तीची ९० टक्क्यांहून अधिक उष्णता पोटात घेतलीये, ती मोजलेली आहे.

वेळासची_पोर

थोडं वेगळं पण ह्याच धाग्यातलं. कासवांच्या कामात मी सीझनला मदत करते, आमच्याकडे २००२ पासून घरटी राखतात. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या गरमीवर ठरतं, साधारण २९-३० अंशांच्या आसपास सीमा, त्यावर गेलं की माद्या जास्त. फेब्रुवारीतलं घरटं आणि एप्रिलमधलं घरटं ह्यात हात घातल्यावर फरक कळतो, एप्रिलची वाळू कोपरापर्यंत कढत लागते. उशिराच्या घरट्यांना आम्ही वर सावली करतो. पण २०२० च्या निसर्ग वादळानंतर, २०२१ च्या तौक्तेनंतर किनाऱ्याची वाळूच जागची हलली होती, काही ठिकाणी उतारच वेगळा झाला. ही वादळंसुद्धा गरम पाण्यावरच पोसतात ना, पूर्वी अरबी समुद्रात एवढी नसायची असं आमचे आजोबा म्हणतात.

विहंग_फोंडा

आजोबा बरोबर आहेत. पुण्याच्याच संस्थेचा अभ्यास आहे, २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरात थोडी कमी झाली.

केतकी_मालवण

देवबागकर दादा, आता तुमच्यासाठी. तुम्ही म्हणता ते मला पटतं आणि मी माझं म्हणणंही सोडत नाही. आपल्याकडे दोन बाजू पडल्यात, एक म्हणते सगळं पर्ससीनमुळे, दुसरी म्हणते सगळं हवामानामुळे, आणि दोघांच्या मध्ये मासा मरतो. केरळात तारली पडली तेव्हाही तेच झालं, २०१५ चा एल निनो (प्रशांत महासागर तापतो आणि जगभरचं हवामान बिघडतं तो), पाणी गरम, अंडी नीट धरली नाहीत, आणि त्याच काळात पिलांची पकड चालूच होती. चांगल्या वर्षी दर्या आपली चूक पोटात घालतो. वाईट वर्षी घालत नाही. आणि आता वाईट वर्षं जवळ जवळ यायला लागलीत. म्हणून माझं म्हणणं, पाणी तापलंय हे पर्ससीनवाल्याची सबब होऊच शकत नाही, उलट त्याच्यावरचा बोजा वाढवतं. पूर्वी पिलं उचलली तर दोन वर्षांत भरून निघायचं, आता निघेलच असं नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, त्याहून लहान पकडायचा नाही, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पण लिलावाच्या जागी फूटपट्टी घेऊन उभं कोण राहतंय? मी ह्या वर्षी बंदरावर बघितलं, तळहातापेक्षा लहान पापलेटांचे ढीग, आणि बाईने मला सांगितलं, पोरी हे नको घेऊ, ह्यांना अजून चव नाही, पण आणलेत तर विकायला हवेत.

तापमान मालवणात बसून उतरणार नाही, त्याला कोळसा आणि तेल कमी जाळायला लागेल आणि ते आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण तापलेल्या दर्यात मासा तगायचा असेल तर त्याला बाकीचा त्रास कमी हवा. पोवळ्याचंही तेच. गरमीने पांढरं पडलेलं पोवळं सावरू शकतं, पण त्यावर होडीचा नांगर टाकला, स्नॉर्केलिंगला आलेला माणूस त्यावर उभा राहिला (मी स्वतः बघितलंय, गाईडच सांगत होता दगडावर उभे राहा), तर कसं सावरेल. म्हणून मला नोंदी हव्यात. मासा आधी कधी यायचा आणि आता कधी येतो हे तारखेनिशी दाखवता आलं तर दोन्ही गोष्टींवर बोलता येईल, दोष वाटून घेण्यापलीकडे.

देवबागकर

ताई, आता समाजला. हे असा कोणी सांगत नाय म्हणून राग.

रापणीची वही आहे. आमच्या आजोबांच्या हातची. रापणीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्यांचा, विधवा बाईच्या घरचा पण, त्यामुळे रोज लिहायलाच लागायचं, कधी ओढली, काय लागलं, कोणाला किती. तीन वह्या आहेत, एक वाळवीने अर्धी खाल्लीये. बाबांनी पुढची काही वर्षं लिवली, मग बंद. तारखा इंग्रजी नाहीत, तिथी आहे. चालेल काय?

प्राची_इ

चालेल काय म्हणजे, सोनं आहे ते! तिथीची काळजी करू नका, पण वर्ष हवं, शके किंवा संवत्सराचं नाव कुठे लिहिलंय का बघा, कारण अधिक महिना आला की तीच तिथी वीसेक दिवस पुढेमागे होते आणि आपल्याला नेमका तेवढाच फरक शोधायचाय. पानं सुटी करू नका, दिवसा खिडकीपाशी धरून फोटो काढा, फ्लॅश नको. मी जुन्या पंचांगावरून तारखा लावून देते.

केतकी_मालवण

दादा मी गणपतीला येतेय, तेव्हा बसूया, घाई करू नका. एक वाक्य तरी वाचून दाखवा तोवर.

देवबागकर

आत्ताच उघडली. पहिलं पान फाटलंय. दुसऱ्यावर वर शके १८८९ लिहिलंय. खाली आजोबांचं अक्षर, "भाद्रपद शुद्ध दशमी. वारो उत्तरेचो. पाणी थंड, पाय बधीर. बांगडो भरपूर, दोन वेळा ओढली. तारली उद्या."